जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बांधायचं की सोडून द्यायचं: बांधल्यानंतरच्या ४१० तासांचा अनुभव

इंजिन तीन सिलिंडरचं, डायरेक्ट इंजेक्शनचं, वेट लायनरचं (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती बदलता येणारी नळी; वेट म्हणजे तिला बाहेरून थेट पाणी लागतं). पूर्ण बांधून, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून, आठ महिने झाले आणि आवरमीटरवर ४१० तास पडले. त्यात नांगरट, रोटाव्हेटर, भरली ट्रॉली सगळं आलं. आधी दर दहा तासांना लिटरभर ऑइल टाकावं लागायचं. आता शंभर तासांत पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या अर्ध्यावरही येत नाही. इंजिन गरम असताना मंद चालीवर ऑइल प्रेशर ०.५ बारवर यायचं, ते आता १.५ बारवर टिकतं. या इंजिनापुरतं बांधणं बरोबर ठरलं. पण ते बरोबर ठरेल की नाही, हे पूर्ण खोलण्याआधीच बऱ्यापैकी कळतं.

नुसत्या धुरावरून इंजिन खोलू नका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर क्लीनर, डिझेल फवारणारं नोझल, डिझेल पंप बघा. निळा धूर ऑइलचा, पण ते वॉल्वची दांडी ज्यात सरकते त्या वॉल्व गाइडमधूनही उतरतं आणि तेवढं असेल तर हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) कामात भागतं. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर गेलेत का ते बघायला गरम इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढा. आतून ठोक्याठोक्याला जोरात धाप लागत असेल तर पिस्टनवरून गॅस खाली जातोय. मग नोझलच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, मोजा. अशा इंजिनात साधारण २५ ते ३० बार यायला हवं. इथे दोन सिलिंडरला २६ आणि २५ आलं, तिसऱ्याला १८. आकड्यापेक्षा हा फरक बोलतो. पेट्रोल इंजिनासारखं सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पुन्हा मोजायची युक्ती डिझेलला लावू नका. वरची जागा इतकी थोडी असते की ऑइल तीच भरतं आणि खराब सिलिंडरही चांगला दिसतो.

खरा प्रश्न ऑइल दुधाळ होण्याचा होता. पाणी हेड गॅस्केटमधून, तडकलेल्या हेडमधून, लायनरच्या खालच्या ओ-रिंगमधून किंवा लायनरलाच पडलेल्या भोकातून येतं. यासाठी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून रेडिएटरला बारभर हवेचा दाब द्या, खाली कोरडा पुठ्ठा टाका आणि रात्रभर ठेवा. लायनरच्या बाहेरच्या कडेने थेंब आला तर ओ-रिंग. लायनरच्या आतून, पिस्टनच्या कडेने उतरला तर भोक, गॅस्केट किंवा हेड. इथे तो आतून आला. लायनर काढून पाण्याकडची बाजू तारेच्या ब्रशने घासली, तेव्हा एका उभ्या पट्ट्यात मोहरीएवढे खड्डे दिसले आणि त्यातला एक आरपार गेला होता. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटताना लोखंड टोकरतात. साधं पाणी भरून वर्षानुवर्षं चालवलेल्या इंजिनात हे हमखास दिसतं. नवा लायनर टाकून पुन्हा साधं पाणीच भरलं तर नव्याचंही तेच होणार.

चेंबर खाली असतानाच एका कनेक्टिंग रॉडची टोपी काढून बेअरिंग बघा. सगळ्यात महत्त्वाची माहिती इथे मिळते. करडा थर सलग असेल तर ठीक. खालचा तांबूस थर दिसायला लागला तर बेअरिंग संपलं. पाणी मिसळलेलं ऑइल सगळ्यात आधी बेअरिंगच खातं. शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या) पाठीवर ठोकलेला आकडाही वाचा. एसटीडी (मूळ साइज) किंवा ०.२५ असेल तर क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टला) अजून घासायला जागा आहे. शेवटचा साइज, बहुतेक ठिकाणी ०.७५ किंवा १.०० मिमी, आधीच वापरला असेल आणि जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) चरे असतील तर क्रँकच नवा लागतो आणि सगळा हिशेब बदलतो. आणखी एक तपासणी चेंबर न उतरवताही होते. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढची क्रँक पुली बघायची. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते सुटून पडले तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात.

ब्लॉकला तडा असेल किंवा रॉडने तो फोडला असेल तर बांधू नका. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकही थकलेले असतील तर नुसत्या इंजिनावर खर्च कशाला? जुनं इंजिन आणून बसवायचं असेल तर ते गरम होईपर्यंत चालवून, प्रेशर बघूनच घ्या.

बांधताना सगळ्यात जास्त वेळ लायनरच्या बैठकीला द्यावा. लायनर ब्लॉकच्या वर किती निघतो ते डायल गेजने मोजायचं. ते साधारण ०.०५ ते ०.१२ मिमी असतं, पण आपल्या इंजिनाच्या पुस्तकातलाच आकडा धरा. बैठकीखाली गंजाचा एक कण राहिला तरी लायनर तिरका बसतो आणि गॅस्केट तिथेच उडतं. रिंग लायनरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तोंडातली (रिंगेच्या दोन टोकांमधली) फट फिलर गेजने तपासा. किटमधल्या रिंगा तयारच असतात असं समजून चालू नका.

तक्रारी दोन. क्रँकचा मागचा सील नवा असूनही ९० तासांनी ऑइल झिरपलं. जुन्या सीलने शाफ्टवर पाडलेल्या चरीतच नव्याची कड बसली होती. ट्रॅक्टर पुन्हा दोन भागांत खोलून सील दोन मिलिमीटर आत बसवल्यावर थांबलं. हे पहिल्याच वेळी व्हायला हवं होतं. दुसरी नोझलची. ती जुनीच लावली होती आणि ६० तासांत काळा धूर व ठोका सुरू झाला. टेस्टरवर एक नोझल गळत होतं. गळणारं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि पिस्टनचा माथाही जाळतं. नोझल तपासून, खाली नवे तांब्याचे वॉशर टाकूनच इंजिन बंद करा.

पहिल्या ५० तासांत मंद चालीवर उगाच उभं ठेवू नका. रिंगा लायनरला घासून बसायला दाब लागतो. तो नाही मिळाला तर लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल खाणं सुटत नाही. अर्धा ते पाऊण लोड, तोही बदलता ठेवला. ५० तासांना ऑइल-फिल्टर बदललं, टॅपेट (वॉल्वची फट) पुन्हा लावले. सध्या फक्त थंडीच्या सकाळी मिनिटभर पांढरट धूर येतो, पाण्याची पातळी मात्र तसूभर हललेली नाही.