८×२५ ची खिशातली दुर्बीण : दहा महिन्यांनंतर, व्हेरोनातल्या एका रात्रीसकट

काल सर्व्हिस सेंटरमधून तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं, ‘हाताळणीमुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही.’ म्हणून आज लिहायला बसले. दुर्बीण मे महिन्यात घेतली, ४,२०० रुपयांना. ८×२५ म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास २५ मिलिमीटर. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे, उजव्या डोळ्याकडच्या डायॉप्टरच्या कड्याची, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवून घ्यायच्या कड्याची.

आमच्या घरात दुर्बीण एक आणि बघणारे दोघं. ह्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं नाही. त्यामुळे त्यांना कडं जिथे लागतं तिथे मला सगळं धुरकट दिसतं. कडं फिरवलं की ते तिथेच राहावं, एवढीच अपेक्षा. दीड महिन्यात ते इतकं सैल झालं की गळ्यातल्या ओढणीला घासूनसुद्धा फिरायचं. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचात एक तारा दिला असता.

मग जुलैत लेकीकडे इटलीला गेलो आणि तिच्याबरोबर एक दिवस व्हेरोना केलं. सांतानास्तासिया चर्चमध्ये पिसानेल्लो या चित्रकाराचं सेंट जॉर्ज आणि राजकन्येचं भित्तिचित्र आहे, १४३० च्या दशकातलं. ते कमानीच्या वर इतकं उंच आहे की खालून नुसते रंग कळतात. लोक मोबाइल वर करून फोटो काढतात आणि पुढे जातात. मी दुर्बीण लावली. घोडा आपल्याकडे पाठ करून उभा, राजकन्येचं कपाळ उघडं, केस वर बांधलेले, आणि मागे शहराच्या वेशीबाहेर फासावर लटकलेली दोन माणसं! साध्या डोळ्यांना ती माणसं दिसलीच नव्हती. मान भरून येईपर्यंत बघत राहिले. त्या वीस मिनिटांत माझे निम्मे पैसे वसूल झाले.

ज्युलिएटच्या बाल्कनीसाठी वेळ घालवू नका. ती विसाव्या शतकात बसवलेली आहे आणि खाली रेटारेटी असते. त्यापेक्षा पोंते पिएत्रा पुलावर जा. १९४५ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने तो उडवला होता. नंतर आदिजे नदीतून जुने दगड काढून तो पुन्हा उभा केला. पांढरा दगड आणि लाल वीट आजही वेगवेगळी दिसते.

रात्री अरेनात ‘आईदा’, वेर्दी या संगीतकाराचा ऑपेरा. पहिल्या शतकातलं रोमन प्रेक्षागार. १११७ च्या भूकंपात बाहेरची भिंत पडली, तिच्या चारच कमानी उरल्या आहेत. वेर्दीच्या जन्मशताब्दीला, १९१३ मध्ये, इथला ऑपेराचा महोत्सव याच ‘आईदा’ने सुरू झाला. आम्ही वरच्या दगडी पायऱ्यांची तिकिटं काढली, कारण ती सगळ्यात स्वस्त. दिवसभर तापलेला दगड अंधार पडला तरी गरम होता, म्हणून बसायला उशी न्याच. गायकांचा आवाज तिथपर्यंत स्वच्छ येतो, पण माणसं बोटाच्या पेराएवढी दिसतात. चेहरा बघायचा तर दुर्बीण हवीच.

आणि तिथेच कड्याने दगा दिला. दुसऱ्या अंकातली विजययात्रा, लांब सरळ तुताऱ्या घेतलेले वादक, सगळं मंच भरलेलं. ह्यांनी बघून दुर्बीण माझ्या हातात दिली, आणि मी अंधारात कडं चाचपत बसले. नीट दिसेपर्यंत निम्मी मिरवणूक गेली. इतका जीव हळहळला! मध्यंतरात लेकीने पर्समधून नेलपेंटची बाटली काढली. मोबाइलच्या उजेडात कड्यावर ह्यांच्यासाठी एक लाल ठिपका दिला, माझ्यासाठी दोन, आणि खाली नळीवर एक रेघ. तिसऱ्या अंकापासून दोन सेकंदांत काम व्हायला लागलं. आईदाच्या गालावरचा घाम दिसत होता.

शेवटच्या तळघराच्या प्रसंगात मात्र प्रकाश अगदी कमी असतो आणि तिथे ही दुर्बीण अंधारी पडते. २५ भागिले ८, म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम ३ मिलिमीटरचा. ८×४२ मध्ये तो ५ च्या वर जातो, पण तसलं ओझं दिवसभर गळ्यात घेऊन मी शहर हिंडले नसते. हे मला मान्य आहे, भिंग वाईट नाही. डिसेंबरात भिगवणला रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) सुरेख दिसले.

पण कडं ते कडंच. सर्व्हिसवाल्यांनी आधी बिल मागितलं, मग मूळ खोका, मग नेलपेंट बघून म्हणाले की तुम्ही वस्तूत फेरफार केलाय. ठिपके जुलैतले, कडं सैल झालं जूनमध्ये. पहिली तक्रार २१ जूनची आहे, मेल माझ्याकडे आहे.

काल संध्याकाळी शेवटी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कडं उचकटलं, आत टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले आणि परत बसवलं. ८० रुपये घेतले. आता फिरवायला बोटाचा जोर लागतो, जसा पहिल्या दिवशी लागायचा. काम झाल्यावर ते स्पिरिटने कडं पुसायला निघाले होते. म्हटलं, काका, ठिपके राहू द्या.