काजू कारखान्यातलं हजेरीचं मशीन: अकरा महिने आणि एक बटन सेल

आमच्या ग्रेडिंगला, म्हणजे काजूगर प्रतीप्रमाणे निवडायच्या कामाला, एक मुलगी आहे, २००३ सालची. मशीनच्या म्हणण्याप्रमाणे ती १ जानेवारी २००० रोजी रात्री बारा वाजून अकरा मिनिटांनी कामावर हजर झाली, म्हणजे जन्माच्या तीन वर्षं आधी. तिच्या मागोमाग आणखी तेरा जणी, सगळ्या त्याच मध्यरात्री. जूनचा पगार काढायला बसले तेव्हा या चौदा जणींच्या नावापुढे जूनमधल्या त्या पावसाच्या दिवसाचा 'ए' होता. 'ए' म्हणजे गैरहजर. आणि त्या सकाळी पाण्यातून वाट काढत आलेल्या याच बायकांना मी स्वतः कोरा चहा दिला होता.

त्या रागात हे लिहायला घेतलं. राग आता थोडा उतरलाय, का ते पुढे येईलच.

कारखाना वेंगुर्ल्याजवळ. सत्तरेक माणसं, त्यात साठ बायका. मी हजेरी, पगार, पीएफ आणि टॅली बघते. मशीन म्हणजे दाराशी भिंतीवर लावतात ते चेहरा ओळखणारं, साडेनऊ हजारांचं. किती चेहरे मावतात, किती सेकंदांत ओळखतं वगैरे खोक्यावर छापलेलं असतं, ते तुम्ही वाचलं असेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेठ हे वाचणार आहेत आणि त्यांचं अजून त्या डीलरकडे येणं-जाणं आहे.

खरं तर दसऱ्याला आधी आलं ते बोटाचं मशीन. त्याचा डेमो शेठच्या केबिनमध्ये, एसीत, शेठच्या अंगठ्यावर झाला. शेठचा अंगठा मऊ, पहिल्या झटक्यात लागला. घेऊन टाका म्हणाले. बी फोडणाऱ्या कटिंगच्या एकीलाही केबिनमध्ये बोलावलं नाही. मी तिथेच उभी होते आणि मलाही सुचलं नाही, तेव्हा यातला अर्धा दोष माझ्या खाती.

काजू फक्त बशीत बघितलेल्यांसाठी सांगते. वाफवलेली बी हातापायाने चालवायच्या कटरवर फोडतात, तेव्हा टरफलातला चीक उडतो. त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, कातडी भाजून निघते. बायका बोटांना तेल लावतात, राख चोळतात. हातमोजे दिले तर गर नीट धरता येत नाही म्हणून काढून ठेवतात. वीस वर्षं कटिंग केलेल्या बाईचं बोट उजेडात धरून बघा: काळपट, टोकाला गुळगुळीत, मध्येच साल निघालेली. बोटाचं मशीन कातडीवरच्या रेघा आणि खोबणी जुळवून माणूस ओळखतं. इथे रेघाच उरलेल्या नाहीत, जुळवणार काय? रेशन दुकानात यांचा अंगठा लागत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मशीन विकणाऱ्याला तेवढं माहीत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात दाराशी रांग आणि त्यावर मशीनमधल्या बाईचं इंग्रजी, "प्लीज ट्राय अगेन." कटिंगची सगळ्यात जुनी आक्का पाचव्यांदा बोट लावून माझ्याकडे वळली. "बाय, तेवीस वर्सां हयसर काम करतंय आणि ह्यां मशीन माका वळखणा नाय!" बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. पुढे 'प्लीज ट्राय अगेन' हा सगळ्या कारखान्याचा शब्द झाला. चहा उशिरा आला, प्लीज ट्राय अगेन. शेठकडे उचल मागितली आणि नाही म्हणाले, प्लीज ट्राय अगेन.

तीन महिने कटिंगवाल्या मस्टरवर सही करत होत्या आणि बाकीच्या बोट लावत होत्या. काम कमी व्हावं म्हणून आणलेल्या मशीनने माझी हजेरी दुप्पट केली. जानेवारीत डीलरने दोन हजार कापून ते परत घेतलं आणि चेहऱ्याचं दिलं.

चेहऱ्याचं मशीन सकाळी खरोखर छान. हात तेलकट असो, राखेचा असो, टोपी असो, समोर उभं राहिलं की झालं. आक्काला एका सेकंदात 'थँक यू' मिळालं. तिने मशीनकडे बघून मान उडवली. माझ्या सासूबाईंच्या पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनच निघतो, ती सोय सरकारने २०२१ मध्ये सुरू केली. त्यामुळे चेहऱ्यावर माझा भरवसा आधीपासून होता.

संध्याकाळी मात्र घोळ. आमचं दार पश्चिमेला, समोर उतार आणि मग समुद्र. साडेपाचला सुटायच्या वेळी ऊन थेट मशीनच्या डोळ्यात. या मशीनला दोन भिंगं असतात, त्यातलं एक इन्फ्रारेडचं. मशीन स्वतःच आपल्याला न दिसणारा उजेड चेहऱ्यावर टाकून बघतं, म्हणून ते अंधारात चालतं आणि मोबाइलमधला फोटो दाखवून फसत नाही. पण उन्हातही तोच उजेड भरपूर असतो, त्यात मशीनचा स्वतःचा दिवा बुडून जातो. डीलर फोनवर म्हणाला, "लायटिंग इश्यू आहे, सन हूड घ्या, बाराशे रुपये." आक्काच्या मुलाने परसातल्या माडाच्या चुडताचा झाप विणून दिला. दारावर बांधला, विषय संपला. चहापाण्याचे पन्नास रुपये दिले, ते त्याने नको-नको म्हणत घेतले.

आता घड्याळ. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली जा.

मशीनला लाइट असते तेव्हा त्याचं घड्याळ लाइटवर चालतं. लाइट गेली की आतला एक बटन सेल ते घड्याळ जागं ठेवतो. तोच सेल, जो वजनकाट्यात आणि गाडीच्या चावीत असतो, सीआर २०३२. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. सेल मेला की प्रत्येक वेळी लाइट आल्यावर मशीनला वाटतं, आजच आपला जन्म झाला. तारीख १ जानेवारी २०००, वेळ शून्य शून्य. आणि ते गप्प बसतं! पडद्यावर इशारा नाही, आवाज नाही. एरवी प्रत्येक गोष्टीला बोलणारी ती बाई 'माझा सेल मेला' एवढं मात्र सांगत नाही.

त्या सकाळी लाइट नऊला अकरा कमी असताना आली. चौदा जणींनी तोंड दाखवलं, थँक यू, थँक यू. सव्वानऊला सुपरवायझरचं लक्ष गेलं आणि त्याने वेळ हाताने लावली. पण आधीच्या चौदा नोंदी २००० सालात जाऊन बसल्या. संध्याकाळी जाण्याची नोंद बरोबर पडली, येण्याची नाही, आणि आमचं सॉफ्टवेअर दिवसाची एकच नोंद असेल तर गैरहजर धरतं. एकेक नोंद हाताने भरायला शेठचा पासवर्ड लागतो आणि कारण किमान दहा अक्षरं. मी 'रेन रेन रेन' लिहिलं. चौदा वेळा. पुरावा म्हणून मस्टर होतं, कारण मी मस्टर बंद केलंच नव्हतं. शेठ त्यावरून मला जुन्या वळणाची म्हणायचे.

डीलरला फोन केला. उत्तर, "मॅडम, नेट चालू ठेवा, टाइम आपोआप सिंक होतो." अहो, लाइट जाते तेव्हा राउटरही जातो. लाइट येते मिनिटात, नेट येतं तासाने, आणि बायका त्या मधल्या वेळात येतात. जूनमध्ये असं नऊ वेळा झालं. दुसरा फोन, तिसरा फोन. चौथ्याला निदान झालं: "मदरबोर्ड गेला." बोर्ड ४,८०० रुपये, व्हिजिट ८५० वेगळे, माणूस कोल्हापूरहून येणार, तोही आंबोली घाटात दरड नसेल तर.

मी म्हटलं, सेल बघितलात का? तो म्हणाला, यात सेल नसतो.

पाठीमागे चार स्क्रू, त्यांच्यावर 'सील तुटल्यास वॉरंटी रद्द'. शेठ गोव्याला गेले होते. मी मशीन पिशवीत घातलं आणि बाजारात घड्याळवाल्याकडे गेले, कारण ते चांदणीच्या खाचेचे स्क्रू त्याच्याच पेचकसने निघतात. आत हिरव्या बोर्डच्या कोपऱ्यात सेल, चांगला खोबणीत बसवलेला. त्याच्या पत्र्याच्या चापावर हिरवट पूड चढली होती, तांब्याच्या भांड्यावर चढते तशी. खारी हवा. घड्याळवाल्याने मीटर लावला: तीन व्होल्ट हवेत, ०.८ होते. त्याने खोडरबराने चाप घासला, फुंकर मारली, नवा सेल बसवला. पस्तीस रुपये. मजुरी घेतली नाही. तारीख लावली, पिन काढली, समोरच्या हॉटेलात एक चहा घेऊन आले, पिन लावली. तारीख जिथल्या तिथे.

बोर्ड आणि व्हिजिटच्या ५,६५० रुपयांत मला असे १६१ सेल आले असते. हा हिशोब मी शेठना दोनदा सांगितला.

इथपर्यंतचं जुलैत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'घेऊ नका' लिहिलं होतं. आज चतुर्थी होऊन आठवडा झालाय. ते वाक्य खोडतेय.

एक कारण सेल, तो टिकला. दुसरं, राउटरला लावतात तो छोटा यूपीएस आणला, तेराशे रुपयांचा. हे मशीन १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरच चालतं, त्यामुळे वायर बदलावी लागली नाही. आता लाइट गेली तरी मशीन दोन-अडीच तास जागं राहतं. मशीन विकतानाच हा गळ्यात मारला असता तर मी आनंदाने पैसे दिले असते.

तिसरं कारण मात्र मला अपेक्षित नव्हतं. मे महिन्यात गावठी बी येते तेव्हा पॅकिंगला उशीर होतो. ओव्हरटाइम सुपरवायझर वहीत लिहायचा आणि अर्ध्या तासाच्या आतलं सोडून द्यायचा. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, 'ती काय धरायची'. मशीन ती धरतं. मे महिन्याच्या नोंदी आणि वही शेजारी ठेवल्या तर सात जणींचे मिळून ३६ तास वहीत नव्हते. आणि कायद्याप्रमाणे हे तास दुप्पट दराने द्यायचे असतात. शेठ म्हणाले, तुझंच म्हणणं ना की मशीनचं घड्याळ चुकतं? मी म्हटलं, मे महिन्यात सेल जिवंत होता. दोन दिवस बोलले नाहीत. चतुर्थीच्या आधी पैसे दिले.

आणि हे सगळं बाहेर आलं ते बायकांनी कागद मागितला म्हणून. चौदा जणींच्या भानगडीनंतर आक्का म्हणाली, "मस्टरात आमची सही आमका दिसा होती. ह्येच्यात काय लिवला ता आमका खंय दिसता?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. बोनसला वर्षात किमान ३० दिवस काम भरावं लागतं, नव्या मुलींचे ते दिवस पडद्याआड मोजले जात होते आणि त्यांना आकडा कळायला माझ्या टेबलाशी उभं राहावं लागत होतं. आता शनिवारी दुपारी आठवड्याची हजेरी छापून दाराशी लावते, नावं मराठीत, अक्षर मोठं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रेडिंगची तीच २००३ वाली मुलगी वाचून दाखवते. पहिल्या शनिवारी अकरा चुका निघाल्या, गेल्या शनिवारी एक. मशीनमध्ये ही सोय नाही, मीच एक्सेलमधून काढते. डीलरकडे 'एम्प्लॉयी ॲप' आहे, माणशी महिना पंचवीस रुपये. सत्तर माणसांचे १,७५० होतात. माझे दोन कागद परवडले.

फोटोबद्दल दोघीतिघींनी विचारलं होतं, आमचे फोटो कुठे जातात. मेन्यूत बघितलं तर दर हजेरीला फोटो साठवायची सोय आपोआप चालू होती. बंद केली. तुम्हीही तपासा. 'प्लीज ट्राय अगेन'चा आवाज कमी करायची जागा त्याच मेन्यूत सापडली. तो मी बंद केला तर कटिंगवाल्यांनी परत लावायला लावला.

तर घ्या, पण कटिंगच्या बाईला पुढे उभं करून, तुमच्याच दारात, संध्याकाळच्या उन्हात डेमो बघा. सेल कुठे आहे ते दाखवायला सांगा, 'यात नसतो' म्हणाला तर दुसरं दुकान. पावसाच्या आधी सेल बदला, जुना चालत असला तरी. आमच्या मशीनच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख लिहून ठेवलीय.

परवा डीलरकडून बिल आलं. फोनवर दिलेल्या सल्ल्याचे ८५० रुपये. मस्टरच्या मागच्या पानात घालून ठेवलंय. त्यावरची तारीख मात्र बरोबर आहे.