गिदोन की शमशोन?

दोघेही बायबलमधले इस्राएलाचे शास्ते, म्हणजे राजे येण्याआधीचे पुढारी, पण घडण अगदी वेगळी. गिदोन मुळात भित्रा. शत्रू टोळीवाले मिद्यानी लुटतील म्हणून द्राक्षकुंडात लपून गहू झोडायचा. त्याच्यामागे ३२,००० माणसं जमली, लढाईला उरली ३००. प्रत्येकाकडे रणशिंग, मडकं आणि मडक्यात लपवलेली मशाल. रात्री एकदम मडकी फोडली, तशी गोंधळलेली मिद्यानी छावणी आपापसातच कापाकापी करू लागली. देशाला ४० वर्षं शांतता मिळाली. राजेपद त्याने नाकारलं. (लुटीतली सोन्याची कुंडलं मात्र मागून घेतली!)

शमशोन एकटाच भिडणारा. गाढवाच्या जबड्याच्या हाडाने हजार पलिष्टी (इस्राएलाचे शत्रू) लोळवले आणि प्रेयसी दलीलेच्या कटकटीला कंटाळून आपलं बळ केसांत असल्याचं गुपित सांगून बसला. माझं मत गिदोनाला. शमशोनाने गाझात देवळाचे खांब पाडले, स्वतःही मेला. पलिष्ट्यांचा जाच पुढेही चालूच राहिला.