अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, हर्निया : थांबायचं किती, दुर्बीण कधी?

पोट दुखतं, सोनोग्राफी होते, अहवालात एखादा शब्द सापडतो आणि घरात चर्चा सुरू होते ती थेट ‘दुर्बिणीतून करायचं की चिरा देऊन’ इथून. त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा : आपल्या हातात वेळ किती आहे? दुर्बिणीतून होणाऱ्या पोटाच्या शस्त्रक्रियांमध्ये अपेंडिक्स, पित्ताशय आणि हर्निया ही तीन नावं सर्वांत जास्त ऐकू येतात. अपेंडिक्सचा निर्णय तासांत घ्यावा लागतो, पित्ताशयाचा बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत. हर्नियाला अनेकदा महिने मिळतात. पण तिन्ही आजार आपला वेग अचानक बदलू शकतात, म्हणून नुसतं आजाराचं नाव माहीत असून भागत नाही. दुखणं कसं वागतंय हे ओळखता आलं पाहिजे.

दुखणं कुठून निघतं, कुठे जातं

अपेंडिक्सची सुरुवात फसवी असते. दुखतं ते बेंबीच्या आसपास, तेही मोघम. नेमकं कुठे, असं विचारलं तर माणूस बोट ठेवत नाही, तळहात फिरवतो. आतड्याकडून येणाऱ्या मज्जातंतूंना जागेचा अंदाज नीट देता येत नाही, म्हणून असं होतं. सूज पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोचली की मात्र दुखणं उजव्या बाजूला खाली येऊन बसतं आणि मग एका बोटाने जागा दाखवता येते. या प्रवासाला साधारण १२ ते २४ तास लागतात. भूक मरते, मळमळतं, ताप येतो पण बहुधा बारीकच. खोकलं, जिना उतरला, गाडीला धक्का बसला की तिथेच कळ येते. क्रमही बघावा : अपेंडिक्समध्ये बहुधा आधी दुखतं आणि उलटी नंतर होते, पोट बिघडलेलं असेल तर उलट्या-जुलाब आधी सुरू होतात.

हे झालं पुस्तकी चित्र. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर स्त्रिया यांच्यात ते पुष्कळदा जुळत नाही. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल तर कुशीत किंवा पाठीकडे दुखतं. ओटीपोटात उतरलेलं असेल तर वारंवार लघवीला किंवा शौचाला लागतं. आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी : बराच वेळ ठणकणारं पोट एकाएकी हलकं वाटलं आणि काही वेळाने सगळं पोट दुखून कडक होऊ लागलं, तर तो आराम खरा नव्हे. अपेंडिक्स फुटलं असण्याची शक्यता असते.

पित्ताशयाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण हे दुखणं वर्षानुवर्षं ‘ॲसिडिटी’ या नावाखाली खपून जातं. दोन्हींत दुखतं वरच्या पोटात, दोन्ही जेवणानंतर येतात, म्हणून गल्लत सहज होते. पण वागणूक वेगळी आहे. ॲसिडिटीत जळजळतं, ती जळजळ छातीच्या मधल्या हाडामागून घशाकडे चढते, वाकलं किंवा आडवं झालं की वाढते आणि आम्लनाशक घेतल्यावर थोड्या वेळात उतरते. खड्यांची कळ जळत नाही, आवळते. उजव्या बरगडीखाली किंवा छाती-पोटाच्या मधोमध ती सुरू होते, बघता बघता चढते आणि चढली की अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखी राहते, मुरड्यासारखी येत-जात नाही. उजव्या खांद्याच्या पात्याखाली दुखलं तर संशय आणखी पक्का. तेलकट-तुपकट जेवणानंतर ती येते, तशीच मध्यरात्री झोपेतूनही उठवते. आणि गेली की पूर्ण जाते. पुढे कित्येक दिवस काहीच होत नाही आणि माणूस ते विसरून जातो. कळ केव्हा आली, किती वेळ टिकली, कुठे पसरली, एवढं तीन-चार वेळा टिपून ठेवलं तर त्या कागदाचा डॉक्टरांना फार उपयोग होतो.

कळ सहा तासांपुढे गेली, सोबत ताप आला, उजव्या बरगडीखाली दाबल्यावर श्वास अडकू लागला, तर पित्ताशयाला सूज आली असं धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, असं दिसलं तर खडा पित्तनलिकेत उतरलेला असू शकतो. त्यात थंडी वाजून ताप भरला तर क्षणभरही थांबू नये. वरच्या पोटातलं दुखणं पाठीत आरपार जाऊ लागलं आणि उलट्या थांबेनात, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.

इथे एक सावधगिरी. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाला वरच्या पोटात दुखून घाम सुटला, दम लागला, तर आधी ईसीजी. हृदयविकाराचा झटका पोटदुखीच्या रूपात येतो आणि तिथे पित्ताशयाचा विचार करत बसणं जिवावर बेतू शकतं.

हर्नियात दुखण्यापेक्षा दिसणं महत्त्वाचं. जांघेत, बेंबीपाशी किंवा जुन्या टाक्यांच्या जागी फुगवटा येतो, उभं राहिलं, खोकलं, वजन उचललं की वाढतो, आडवं झालं की आत जातो. संध्याकाळपर्यंत जडपणा येतो. निदान बहुतेकदा रुग्णाला उभं करून, खोकायला सांगून हातानेच होतं. फुगवटा आत जाईनासा झाला, टणक झाला, दुखू लागला, वरची कातडी लालसर दिसली, सोबत उलट्या होऊन वारा सरणं बंद झालं, तर आतडं पिळवटून त्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. मग हर्नियाचा वेगही अपेंडिक्ससारखाच, तासांचा. अशा वेळी फुगवटा घरी जोर लावून आत ढकलू नये.

या तिघांशी गल्लत होणारेही आहेत. मूतखड्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरते आणि माणूस तळमळतो, एका जागी टिकत नाही. पोटाच्या आवरणाला सूज आलेला माणूस उलट निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. स्त्रियांमध्ये अंडाशयाला पीळ पडला तर एका बाजूला एकाएकी जोरात दुखतं आणि उलट्या होतात. पाळी चुकलेली असताना खालच्या पोटात दुखून भोवळ आली तर गर्भ नलिकेत राहिला असल्याची शक्यता आधी तपासावी लागते. या दोन्हींवरच्या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात आणि दोन्हींत उशीर परवडत नाही.

‘डॉक्टर बघेपर्यंत वेदनाशामक घ्यायचं नाही, निदान चुकतं’ ही समजूत जुनी झाली. रुग्णालयात वेदना कमी करून तपासल्याने निदान बिघडत नाही, त्यामुळे तिथे दुखणं सोसत राहायची गरज नाही. पण अपेंडिक्सचा संशय असताना घरी रेचक घेऊ नये. खाणंही थांबवावं.

थांबलं तर काय होतं

अपेंडिक्सवर आता प्रतिजैविकांचा पर्याय खरोखर आहे. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या तुलनेचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. प्रतिजैविकं दिलेल्यांपैकी १० पैकी साधारण ३ जणांना ९० दिवसांत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. अपेंडिक्समध्ये विष्ठेचा खडा अडकलेल्यांमध्ये हे प्रमाण १० पैकी ४ पर्यंत गेलं. फिनलंडमधल्या अभ्यासात पाच वर्षांत सुमारे ३९ टक्क्यांचा त्रास उलटला. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक शस्त्रक्रियेशिवाय राहिले, हेही तितकंच खरं. सीटी स्कॅनमध्ये अपेंडिक्स फुटलेलं नाही, खडा नाही, आणि त्रास उलटला तर तासाभरात रुग्णालय गाठता येतं, अशा माणसाने औषधाचा पर्याय जरूर विचारावा. ज्याचं काम सतत प्रवासाचं आहे किंवा जो रुग्णालयापासून लांब राहतो, त्याने शस्त्रक्रिया करून मोकळं व्हावं असं मला वाटतं.

पित्ताशयात आधी हे बघायचं की खडे बोलू लागलेत का. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, त्रास मात्र कधीच नव्हता, तर बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. खडे असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना त्यांचा त्रास नसतो. अशांना घाबरवून शस्त्रक्रियेकडे ढकलणं मला अजिबात पटत नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ सोबत पित्ताशयात १० मिलिमीटरहून मोठा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब असणं. पण एकदा खरी कळ येऊन गेली की चित्र पालटतं. ती परत येते, आणि पुढच्या खेपेला कळ म्हणूनच येईल, कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज म्हणून येणार नाही, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. खडे विरघळवणारं औषध फक्त काही लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतं, महिनोन्‌महिने घ्यावं लागतं आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होतात. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तरी तेच, कारण खडे तयार होतात ते त्या पिशवीतच. पिशवी काढल्यावर पित्त यकृतातून सरळ आतड्यात जातं आणि पचन चालू राहतं. काहींना मात्र काही काळ शौचाला पातळ होतं.

पित्ताशयाला सूज आली असेल तर पूर्वी ती उतरवून, दीड-दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया करायची पद्धत होती. आता शक्य असेल तर त्याच भरतीत, पहिल्या काही दिवसांतच करणं बरं मानतात. मधल्या काळात पुन्हा दुखण्याचा धोका त्यामुळे टळतो. नलिकेतला खडा मात्र वेगळा काढावा लागतो, बहुधा तोंडावाटे एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा लावलेली लवचिक नळी घालून.

जांघेतल्या हर्नियाबद्दल २००६ मध्ये ७२० पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्रास नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्यांनी थांबलं तर चालतं का, हा प्रश्न होता. थांबलेल्यांमध्ये हर्निया अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनहून कमी निघालं. म्हणजे थांबणं सुरक्षित. पण १० वर्षांत सुमारे दोन तृतीयांश जणांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतलीच, मुख्यतः दुखणं वाढल्याने. म्हणून परीक्षा, लग्न, कामाचा हंगाम बघून तारीख ठरवायला हरकत नाही. ही मुभा स्त्रियांना नाही. त्यांच्यात जांघेच्या घडीखालून मांडीकडे येणारा हर्निया जास्त आढळतो, तो लहान दिसतो आणि लवकर अडकतो. पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही.

आता दुर्बीण की चिरा

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात आणि ५ ते १० मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत जातात. त्यासाठी पूर्ण भूल लागते. पित्ताशय चिरा देऊन पहिल्यांदा काढलं ते बर्लिनमध्ये, १८८२ साली, कार्ल लांगेनबुख यांनी. दुर्बिणीतून ते १९८५ मध्ये एरिश म्यूहे यांनी काढलं, तेही जर्मनीतच. आज पित्ताशयासाठी दुर्बीणच पहिली निवड आहे : दुखणं कमी, एक-दोन दिवसांत घरी. तिची एक उणी बाजू रुग्णाला सांगितली गेलीच पाहिजे. पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच आहे. कमी असलं तरी झालेली इजा मोठी असते. त्यामुळे आत सूज-चिकटा फार आहे, नलिका नीट ओळखू येत नाही, असं दिसल्यावर सर्जनने चिरा दिला तर ऑपरेशन फसलं असं समजू नये. तिथे थांबण्याची समज त्याला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अपेंडिक्समध्येही दुर्बीण सरस, पण फरक पित्ताशयाइतका मोठा नाही. जखम कमी चिघळते, माणूस कामावर लवकर जातो. निदान डळमळीत असेल, विशेषतः तरुण स्त्रीमध्ये, तर त्याच कॅमेऱ्याने अंडाशयं आणि नलिकाही बघता येतात.

खरी अटीतटीची तुलना हर्नियात आहे. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेला आधार देणारी जाळी दोन्ही पद्धतींत बसवतात. चिऱ्याची शस्त्रक्रिया फक्त तेवढा भाग बधिर करून होते, म्हणून हृदय किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असलेल्याला ती जास्त सोयीची. दोन्ही बाजूंचा हर्निया, आधी चिरा देऊन केलेला आणि उलटलेला हर्निया, किंवा स्त्रीचा हर्निया असेल तर दुर्बिणीकडे झुकावं. एका बाजूचा, पहिलाच हर्निया असेल तर पद्धतीपेक्षा सर्जनचा हात कशात बसलाय ते बघावं. म्हणून थेट विचारावं : तुम्ही नेहमी कोणती करता? चिरा द्यायची वेळ केव्हा येते? जाळीनंतर दुखणं रेंगाळलं तर काय करता? शांतपणे उत्तर देणारा डॉक्टर मिळाला तर निर्णय पुष्कळ सोपा होतो.

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस खांदा दुखला तर घाबरू नये. पोटात उरलेल्या वायूने श्वासपटल चाळवतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. उठून फिरलं की बरं वाटतं. मात्र पोटाचं दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते वाढत गेलं, ताप चढला, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात परत जावं.