किव्हावर कर्ज देताना फोटोआधी संस्था बघा

किव्हा या संकेतस्थळावरून जगभरातल्या छोट्या कर्जदारांना कर्ज देता येतं. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच मंडळींनी तिथे कधी ना कधी 25 डॉलर दिलेले असतात. सेवा चांगली आहे, जरूर वापरा. फक्त फोटो आणि गोष्ट वाचून माणूस निवडू नका. जोखीम ठरते ती मुख्यतः त्याला कर्ज देणाऱ्या स्थानिक संस्थेवरून.

2005 मध्ये युगांडातल्या टोरोरोच्या सात व्यावसायिकांना मिळून 3500 डॉलर देऊन किव्हाची सुरुवात झाली. तुम्हाला मुद्दल हप्त्यांनी परत मिळतं, व्याज शून्य. कर्जदाराला मात्र बहुतेक ठिकाणी व्याज पडतं आणि ते संस्थेकडे जातं. हे कळलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. पण वीस-तीस हजार रुपयांएवढ्या कर्जासाठी दर आठवड्याला वस्तीवर जाऊन वसुली करायची, तर खर्च होतोच. म्हणून प्रोफाइलखाली संस्थेच्या माहितीत ‘पोर्टफोलिओ यील्ड’ बघा: व्याज आणि शुल्कातून आलेली रक्कम, भागिले सरासरी येणेबाकी. त्याच देशातल्या दुसऱ्या संस्थेशी ताडून बघा. महागाई वेगळी असलेल्या देशाशी तुलना फसवी ठरते. शेजारीच संस्थेची जोखीम दाखवणारे तारे (जास्त तारे म्हणजे कमी जोखीम) आणि थकबाकीचं प्रमाण असतं.

शिलाई मशीनसाठी पैसे मागणाऱ्या बाईंकडे मशीन बहुधा आलेलंही असतं. संस्था आधी कर्ज वाटते, तुमच्या पैशांनी ती रक्कम भरून निघते. सणाच्या तोंडावर कापड घ्यायचं असताना बाई पैसे देणारे जमेपर्यंत थांबणार कशा?

गटाच्या फोटोत दहा बायका आणि गोष्ट एकाच बाईची, असं दिसलं की परदेशी वाचकाला तो भागीदारीतला धंदा वाटतो. बचतगट पाहिलेल्याला लगेच कळतं: कर्ज ज्याचं त्याचं, जामीन एकमेकींना. हप्ते वेळेवर येतात ते त्यामुळेच, आणि एखादीचा हप्ता चुकला की गटाचा ताण तिच्यावर येतो तोही त्यामुळेच.

कर्जदाराच्या देशातलं चलन डॉलरच्या तुलनेत घसरलं तर काही कर्जांत 10 टक्क्यांपर्यंतच्या घसरणीचा तोटा संस्था सोसते, त्यापुढचं तुमच्या मुद्दलातून जातं. ही अट कर्जाच्या पानावर असते, वाचाच.

पैसे भरताना किव्हासाठी ऐच्छिक देणगी जोडलेली दिसते. ती शून्यही करता येते. करसवलत मिळते ती फक्त या देणगीवर, कर्जावर नाही.

100 डॉलर असतील तर चार देशांतल्या चार संस्थांत 25-25 लावा, मुदत वर्षभराच्या आसपासची निवडा. आलेले हप्ते खात्यात साठतात. तिथून काढून घ्या किंवा पुन्हा कर्जाऊ द्या.