सेतू केंद्र: टेबलाला पैकीच्या पैकी, ताऱ्यांना शून्य

भाचीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला पेठेतल्या एका सेतू केंद्रात गेलो होतो. नाव लिहीत नाही. जूनमध्ये सगळीकडे गर्दी तीच.

आधी चांगलं सांगतो. दारातच आता एक टेबल टाकलंय. टोकन द्यायच्या आधी तिथली मुलगी कागद चाळते. "काका, रेशनकार्डाच्या मागच्या पानाची झेरॉक्स राहिलीय. समोरून काढून आणा, मग टोकन देते." पूर्वी हेच वाक्य तासन्‌तास ताटकळल्यावर खिडकीतून ऐकायला मिळायचं, आणि नंबरही जायचा. टेबल कधी आलं विचारलं, तर म्हणाली, अभिप्रायाच्या वहीत जो तो झेरॉक्सबद्दलच लिहीत होता, म्हणून साहेबांनी टाकायला लावलं.

खरी गोम इथेच आहे. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. कुठल्या सेवेला किती मुदत, अपील कुणाकडे, याचा फलक भिंतीवर असतो. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाचीही तरतूद आहे. पण मुदत मोजायची ती अर्ज रीतसर दाखल झाल्यापासून. खिडकीतूनच परत पाठवलेल्या माणसाकडे ना पोचपावती, ना अर्ज क्रमांक. सरकारदरबारी तो आलाच नव्हता! त्याची रखडपट्टी कळायची तर त्या वहीतूनच.

आणि आता वहीच्या जागी क्यूआर कोड चिकटवलाय. स्कॅन करा, मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, मग एकच प्रश्न: 'सेवा समाधानकारक होती का?' खाली पाच तारे. लिहायला जागाच नाही. माझ्या पुढच्या आजोबांना ओटीपी काही सापडेना; शेवटी ऑपरेटरनेच त्यांचा फोन घेतला आणि स्वतःला पाच तारे देऊन टाकले. मी तीन दिले. ते टेबलाचे की सारख्या बंद पडणाऱ्या सर्व्हरचे, हे कुणाला कळणार?

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. तिथे बाक हवा की पदपथ, आणि कुठल्या रस्त्यावर, हे लिहून द्यावं लागतं. तारे देऊन बाक येत नाही.

दाखला मुदतीत मिळाला. पंखे पुरेसे, प्यायच्या पाण्याची बोंब. जाणार असाल तर सकाळी लवकर जा. आणि वही फेकलेली नाही, टेबलाच्या खणात आहे. मागितली की देतात. पेन मात्र आपलं न्या.