हजेरीच्या बक्षिसासाठी गिफ्ट कार्ड: घ्यावं, पण सोडतीसाठी नको

कंपन्या कामगारांसाठी घाऊक घेतात ती प्रीपेड गिफ्ट कार्डं वाटायला सोपी असतात. यादी पाठवली की कोड थेट मोबाइलवर येतो. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमांनुसार अशा कार्डात जास्तीत जास्त 10,000 रुपये भरता येतात, कार्ड पुन्हा भरता येत नाही, रोकड काढता येत नाही आणि मुदत किमान एक वर्ष असते.

रोकड निघत नाही, तिथेच घोडं अडतं. 500 चं कार्ड आणि 463 चं बिल, मग उरलेले 37 रुपये पडून राहतात. एकाच ब्रँडचं कार्ड तर दुसरीकडे चालतच नाही. चाकणला शिफ्ट संपवून खोलीवर जाणारा कामगार कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सामान भरतो. मॉलमधल्या कपड्यांच्या कार्डाचं तो काय करणार? ऑर्डर देण्याआधी शॉप फ्लोअरवर विचारून घ्या.

खरी चूक होते ती कार्ड कशासाठी द्यायचं यात. अमेरिकेतल्या एका औद्योगिक लाँड्रीत महिनाभर विनारजा, वेळेवर येणाऱ्यांची सोडत काढून 75 डॉलरचं गिफ्ट कार्ड देत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की एकदा उशीर होऊन सोडतीतून नाव गेलं, की माणूस उरलेला महिना वेळेची फिकीर सोडून देई. त्याहून वाईट म्हणजे, आधीपासून नियमित येणाऱ्यांचा कामाचा वेग उतरला आणि एकूण उत्पादकता 1.4 टक्के घटली. जे ते आपणहून करत होते, त्याचं बक्षीस इतरांना मिळताना त्यांना दिसत होतं. हे नुकसान हजेरीपटात कधीच दिसत नाही.

काम नगावर मोजता येत असेल तर कार्ड नको, पैसे पगारातच द्या. सेफलाइट या अमेरिकी कंपनीत गाड्यांच्या काचा बसवायला तासाऐवजी नगावर मजुरी सुरू झाल्यावर माणशी काम 44 टक्के वाढलं. मात्र काच फुटली तर बसवणाऱ्यालाच ती स्वतःच्या वेळात पुन्हा बसवावी लागे. ही अट नसती तर घाईची कामंच वाढली असती.

मग कार्ड कुठे शोभतं? मोजणीत न येणाऱ्या कामाला: नव्या मुलाला मशीन शिकवणं, लाइन बंद पडण्याआधी बेअरिंगचा आवाज ओळखणं. त्याच आठवड्यात, काम काय केलं ते सांगून, सुपरवायझरच्या हातून द्या. तारीख ठरवलीत की त्याचा हप्ता होतो.

कायद्याने द्यायचा किमान 8.33 टक्के बोनस मात्र कार्डात वळता करू नका. वर्षभरातल्या कार्डांची बेरीज पेरोलला कळवत राहा, नाहीतर मार्चमध्ये टीडीएस एकदम कापला जातो.